आई असूनही 'ऑर्फन'? आईबाप नसण्याच्या इंग्रजी शब्दांविषयी

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजी कथेचा अनुवाद चालू आहे. त्यातल्या मुलाची आई चांगली धडधाकट आहे, तरी लेखिका त्याला 'ऑर्फन' म्हणते. ही तिची चूक की आपल्या समजुतीतला घोळ? त्याच कथेत 'वेफ', 'फाउंडलिंग', 'वॉर्ड' हे शब्दही येतात. सगळ्यांना 'अनाथ' म्हणून चालेल का? आणि 'स्टेपचाइल्ड'मधला 'स्टेप' आला कुठून?

लेखिका चुकलेली नाही. दोन्ही पालक वारलेलं मूल म्हणजे ऑर्फन, हा अर्थ आज आधी मनात येतो खरा. पण इंग्रजीच्या इतिहासात बराच काळ बाप गेला एवढ्यानेच मूल ऑर्फन ठरत असे. आईची चौकशी कुणी करत नसे. मी कायद्याची कागदपत्रं आणि जुनं ललित साहित्य अशी दोन्ही प्रकारची भाषांतरं करत आलोय, आणि माझं मत असं झालंय की या गोतावळ्यातले बहुतेक शब्द घरात जन्मले नाहीत, कचेरीत जन्मले. मुलाला काय वाटतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बापाची जमीन आता कोण सांभाळणार, बेवारस वस्तू कुणाच्या मालकीची, सापडलेल्या पोराचा खर्च कुणाच्या माथी, असे ते प्रश्न होते. कोणता शब्द कोणत्या प्रश्नातून निघाला हे कळलं की भाषांतरातली निम्मी अडचण सुटते.

'ऑर्फन' मूळचा ग्रीक, 'ऑर्फानोस'. तिथून तो उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'ऑर्फानुस' झाला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत स्थिरावला. अथेन्सच्या व्यवहारात ऑर्फानोस म्हणजे मुख्यतः बाप नसलेला. तिथल्या कायद्यात स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा चालवता येत नव्हता. तिच्याच वतीने बोलायला कुणी पुरुष लागे. मग ती मुलाची कायदेशीर पालक कुठून होणार? अशा मुलांकडे आणि त्यांच्या मालमत्तेकडे लक्ष देणं हे आर्कॉन या बड्या अधिकाऱ्याच्या कामात मोडत असे. बाप युद्धात पडला असेल तर मुलाचा सांभाळ नगरराज्य करी, आणि तो वयात आला की नाट्योत्सवात साऱ्या नगरासमोर त्याला चिलखत आणि शस्त्रं देत. त्या रांगेतल्या कितीतरी पोरांच्या आया घरी जिवंत असणार. पोरं तरीही ऑर्फानोसच.

बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत हे फार स्पष्ट दिसतं. हिब्रूत बाप नसलेल्या मुलाला 'यातोम' म्हणतात. उर्दूतून आपल्या कानावर येणारा 'यतीम' हा त्याचाच अरबी भाऊबंद. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरात या यातोमला जवळजवळ सगळीकडे 'फादरलेस' केलं आहे. 'विलापगीत'च्या पाचव्या अध्यायात मात्र एक ओळ अशी आहे: आम्ही ऑर्फन, फादरलेस झालो आहोत, आमच्या आया विधवांसारख्या झाल्या आहेत. एकाच ओळीत ऑर्फन आणि त्यांच्या आया! आजच्या वाचकाला हे खटकतं, तेव्हाच्या वाचकाला खटकलं नसावं. योहानाच्या शुभवर्तमानात (14:18) येशू शिष्यांना म्हणतो की मी तुम्हाला ऑर्फन करून सोडणार नाही. ग्रीकमध्ये तोच शब्द आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या, विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतराने त्याचं 'फादरलेस' केलं, तर किंग जेम्सने 'कम्फर्टलेस'. पहिल्याने शब्दातला कायदा उचलला, दुसऱ्याने भावना.

लंडन शहराची गोष्ट तर अनुवादकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. तिथे 'फ्रीमन', म्हणजे शहरात धंदा करण्याचा हक्क असलेला नागरिक, अज्ञान (वयात न आलेली) मुलं मागे ठेवून वारला की ती मुलं शहराची ऑर्फन होत. त्यांच्या वाट्याची मालमत्ता 'कोर्ट ऑफ ऑर्फन्स'च्या देखरेखीखाली जाई. आई हयात असली तरी. हा पैसा शहराच्या तिजोरीत ठेव म्हणून राही आणि शहर तो वापरी. सतराव्या शतकात शहर कर्जात इतकं बुडालं की मुलांचे पैसे परत करता येईनात. अखेर 1694 मध्ये पार्लमेंटने खास कायदा केला आणि लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावर वगैरे कर बसवून हे देणं भागवण्याची सोय लावली. ज्यांचे पैसे अडकले होते ती 'ऑर्फन' म्हणजे पैसेवाल्या व्यापाऱ्यांची मुलं होती, रस्त्यावरची पोरं नव्हेत. 'ऑर्फन' म्हणजे गरीब, हे समीकरणसुद्धा नंतरचं आहे. 'ऑर्फनेज'चंही तेच. या शब्दाचा जुना अर्थ इमारत नव्हता. ऑर्फन असण्याची अवस्था आणि लंडनमध्ये त्या मुलांच्या मालमत्तेची व्यवस्था, असा होता. मुलांना ठेवण्याचं ठिकाण हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. सतराव्या शतकातल्या मृत्युपत्रात 'ऑर्फनेज' दिसला की 'अनाथाश्रम' लिहून मोकळं होणारे अनुवाद मी तपासलेले आहेत, म्हणून एवढं लांबण लावलं.

पुढे दोन्ही पालक गमावलेल्या मुलापासून एक पालक गमावलेल्याला वेगळं दाखवायची गरज पडली, तेव्हा 'हाफ-ऑर्फन' आला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी संस्थांच्या कागदपत्रांत तो पावलोपावली भेटतो. 1854 ते 1929 या काळात न्यूयॉर्कसारख्या पूर्वेकडच्या शहरांतून मुलांना आगगाडीने पश्चिमेकडच्या शेतकरी कुटुंबांत पाठवत. या गाड्यांना आज 'ऑर्फन ट्रेन' म्हणतात, पण त्यांतल्या पुष्कळ मुलांचा एक तरी पालक जिवंत होता. पोसायची ऐपत नव्हती इतकंच. आजच्या आकडेवारीतही हाच गुंता आहे. युनिसेफच्या व्याख्येत 18 वर्षांखालचं, एक किंवा दोन्ही पालक गमावलेलं मूल म्हणजे ऑर्फन. ही व्यापक व्याख्या एड्सच्या साथीच्या काळात रुळली, कारण एक पालक गेला तरी घर कोसळतं हे तेव्हा दिसत होतं. या हिशेबाने 2015 मध्ये जगात सुमारे 14 कोटी ऑर्फन होते, आणि त्यांपैकी दोन्ही पालक गमावलेली 1 कोटी 51 लाख. बातमीत '14 कोटी अनाथ' असं छापलं की मराठी वाचक दुसऱ्या आकड्याचं चित्र पहिल्या आकड्यावर चढवतो. अशा मजकुरात 'एक किंवा दोन्ही पालक गमावलेली मुलं' असंच लिहावं. लांब वाटलं तरी चालेल. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात तर दोन्ही पालक गायब झालेलं, किंवा एकट्या राहिलेल्या पालकाला पोसणं अशक्य झाल्याने त्याने दत्तक जाण्यासाठी कायमचं सोडून दिलेलं मूलही 'ऑर्फन' या व्याख्येत बसतं. तिथे मृत्यूची अट नाहीच.

आता व्युत्पत्तीकडे. 'ऑर्फन'चं मूळ आणखी मागे नेलं की आपल्या ओळखीचा माणूस भेटतो: अर्भक. संस्कृत 'अर्भ', म्हणजे लहान, कोवळं, आणि ग्रीक 'ऑर्फानोस' ही बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकाच इंडो-युरोपीय मुळाची रोपं आहेत. आर्मेनियन भाषेत 'ओर्ब' म्हणजे आजही अनाथ. जर्मन शाखेत मात्र त्याच मुळापासून 'एर्बे', म्हणजे वारसा, निघाला, आणि जुन्या आयरिशमध्येही वारशाचाच अर्थ आला. पहिल्यांदा हे वाचताना चक्रावायला होतं: एकीकडे अनाथ, दुसरीकडे वारस? पण बाप मेला की दोन गोष्टी एकदम होतात. मूल एका छत्राखालून दुसऱ्या छत्राखाली जातं आणि मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात. मुळाचा अर्थ या हस्तांतराचा होता असं मानतात. एका भाषेने मुलाकडे पाहिलं, दुसरीने जमिनीकडे. तिसरी शाखा याहून बोचरी आहे. दुसऱ्याच्या घरी गेलेलं बिनबापाचं पोर तिथे राबणार. जुन्या स्लाव्ह भाषेत 'राब' म्हणजे गुलाम आणि 'राबोता' म्हणजे त्याची चाकरी; जर्मन 'आर्बाइट', म्हणजे काम, हाही याच घरातला समजला जातो. 1920 साली कारेल चापेक या चेक लेखकाने आपल्या नाटकातल्या कृत्रिम कामगारांसाठी वेठबिगारीच्या 'रोबोता'वरून 'रोबोट' हा शब्द जगाला दिला. शब्द सुचवला त्याचा भाऊ योसेफने. म्हणजे अर्भक, ऑर्फन आणि रोबोट ही चुलत भावंडं. (राबणे आणि 'राबोता' यांचा मेळ घालायचा मोह मराठी माणसाला हमखास होतो. आवरावा. नुसत्या ध्वनिसाम्याने व्युत्पत्ती ठरत नाही.)

याच घरातला लॅटिन 'ऑर्बुस' दोन्ही बाजूंना लागे: आईबाप गमावलेलं मूलही ऑर्बुस आणि मूल गमावलेले आईबापही. इंग्रजीने ऑर्फन घेतला तो एकाच बाजूचा, त्यामुळे मूल गमावलेल्या पालकासाठी इंग्रजीत एकशब्दी नाव नाही. इटालियन 'ऑर्बो' आणि रोमेनियन 'ऑर्ब' यांचा अर्थ आज 'आंधळा' आहे: दृष्टी हिरावलेला. इंग्रजीतला 'ऑर्ब', म्हणजे गोल, याचा मात्र यांच्याशी काही संबंध नाही.

ग्रीक शब्द येण्याआधी इंग्रज लोक काय म्हणत होते? 'स्टेप'च्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. अँग्लो-सॅक्सन इंग्रजीत 'स्तेओपचिल्द' म्हणजेच आजचा 'स्टेपचाइल्ड', आणि त्याचा अर्थ सावत्र मूल असा नव्हे, चक्क अनाथ मूल असा होता. 'स्तेओप' या उपपदात हिरावलं जाण्याचा अर्थ आहे. 'आस्तिएपान' या क्रियापदाचा अर्थच आईबापांना किंवा मुलांना मुकवणं. तेव्हा 'स्तेओपमोदोर', आजची 'स्टेपमदर', म्हणजे शब्दशः पोरक्याची आई: आई मेलेल्या मुलाच्या घरी आलेली. नातं मुलाच्या दुःखावरून मोजलेलं होतं, त्या बाईच्या परकेपणावरून नव्हे. पुढे ऑर्फनने अनाथपणाचा प्रांत बळकावला आणि 'स्टेप'कडे फक्त पुनर्विवाहातून येणारी नाती उरली. घटस्फोट सर्रास झाल्यावर तर कुणी मेलेलंच नाही, तरी 'स्टेप' आहे. पायरीचा 'स्टेप' आणि हा 'स्टेप' वेगळे. 'एक पायरी दूरचं नातं' ही फोड ऐकायला छान, पण ती मागाहून जुळवलेली.

यापेक्षाही मला गंमत वाटते ती शाळेतल्या दोन शब्दांची. 'प्युपिल' आणि 'ट्यूटर' हे दोन्ही अनाथांच्या कायद्यातून आले. रोमन कायद्यात 'पुपिल्लुस' म्हणजे बाप वारल्यामुळे त्याच्या कायदेशीर सत्तेतून सुटलेलं, पण वयात न आलेलं मूल. वयाची सीमा मुलग्याला 14, मुलीला 12. त्याच्यावर नेमलेला पालक तो 'तूतोर', रक्षण करणारा. बापाने मृत्युपत्रात कुणाचं नाव घातलं नसेल तर जुन्या कायद्यानुसार हा मान बापाच्या कुळातल्या सर्वांत जवळच्या पुरुष नातेवाइकाला मिळे, म्हणजे मूल दगावलं तर ज्याला मालमत्ता मिळायची बहुतेक त्यालाच! रोमन कायदेपंडितांनी पालकांवर हिशेबाची बंधनं घालत नेली ती उगाच नाही. चौदाव्या शतकात 'प्युपिल' इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ अनाथ, पाल्य असाच होता. शिष्य हा अर्थ सोळाव्या शतकातला. सांभाळणारा आणि शिकवणारा एकच असण्यातून हा बदल झाला असावा. स्कॉटलंडच्या कायद्यात तर 14 वर्षांखालचा मुलगा आणि 12 वर्षांखालची मुलगी यांना 'प्युपिल' म्हणण्याची रीत पार विसाव्या शतकापर्यंत टिकली. डोळ्यातला 'प्युपिल'ही याच कुळातला: लॅटिन 'पुपिल्ला' म्हणजे छोटी मुलगी, बाहुली, समोरच्याच्या डोळ्यात आपली चिमुकली प्रतिमा दिसते म्हणून. आपणही डोळ्यातल्या त्या भागाला बाहुलीच म्हणतो.

'वॉर्ड' हा सरळ राखण्याचा शब्द. जुन्या इंग्रजीत 'वेआर्द' म्हणजे राखण आणि राखणदार. मुलासाठी वापरताना तो उलटून 'राखला जाणारा' झाला. 'गार्डियन' हे त्याचं फ्रेंच रूप. नॉर्मन बोलीत जिथे 'व' राहिला तिथे मध्य फ्रान्समध्ये 'ग' झाला, म्हणून इंग्रजीत वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी अशा जोड्या दिसतात. कथेतल्या वॉर्डकडे मात्र सावधपणे पाहायला हवं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लष्करी सेवेच्या बोलीवर जमीन धारण करणारा माणूस वारला आणि वारस अज्ञान असला, की ते मूल आणि जमीन दोन्ही वरच्या सरदाराच्या ताब्यात जात. जमिनीचं उत्पन्न त्याचं, आणि मुलाचं लग्न कुणाशी लावायचं हा हक्कही त्याचाच. हे पालकत्व विकता येई. स्वतःच्या मुलाचं पालकत्व पैसे मोजून विकत घेणाऱ्या आयांच्या नोंदी आहेत. यातून राजाला मिळणाऱ्या पैशाच्या वसुलीसाठी आठव्या हेन्रीने 1540 मध्ये 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' काढलं. ही सगळी पद्धत कायद्याने मोडीत निघाली 1660 मध्ये. एकोणिसाव्या शतकातल्या कथेत 'वॉर्ड' आला तर बहुधा मालमत्ता आणि पालकत्वाचे दावे चालवणाऱ्या चान्सरी कोर्टाच्या देखरेखीखालचं, मालमत्ता असलेलं मूल अभिप्रेत असतं. तिथे 'पाल्य' बरोबर, 'अनाथ' चूक. वॉर्डचे आईबाप जिवंतही असू शकतात.

'वेफ'ची कथा मला सगळ्यांत कडू वाटते. हा शब्द मुळात माणसाचा नव्हेच. अँग्लो-नॉर्मन कायद्यात 'वेफ' म्हणजे मालक नसलेली वस्तू. त्यामागे फडफडणाऱ्या, लोंबणाऱ्या गोष्टीसाठीचा स्कँडिनेव्हियन शब्द असावा. नेमका कायदा असा: चोर पळता पळता चोरीचा माल टाकून गेला तर तो माल 'वेफ', आणि तो राजाचा. मालकाला का नाही? कारण त्याने चोराचा पाठलाग करण्यात कसूर केली, त्याची ही शिक्षा. राजाने हा हक्क एखाद्या जमीनदाराला दिला असेल तर माल त्याचा. भटकं जनावर सापडलं तर ते 'स्ट्रे'. त्याचा पुकारा चर्चमध्ये आणि जवळच्या दोन बाजारगावांत करायचा, वर्ष आणि एक दिवस वाट पाहायची, मालक आला नाही तर ठेवून घ्यायचं. म्हणून 'वेफ्स अँड स्ट्रेज' ही जोडी जमीनदाराच्या हक्कांच्या यादीत येते. बायकांच्या बाबतीतही हा शब्द वापरला आहे. पुरुष न्यायालयाला सामोरा गेला नाही तर त्याला 'आउटलॉ', कायद्याबाहेरचा, जाहीर करत. स्त्री पुरुषांसारखी कायद्याशी शपथेने बांधलेली नसे, म्हणून तिला आउटलॉ करता येत नसे. तिला 'वेव्ह' करत, म्हणजे टाकून देत, आणि अशी स्त्री 'वेफ'. हक्क सोडून देण्यासाठी आज कायद्यात वापरतात तो 'वेव्ह' हाच.

टाकलेला माल, चुकलेलं जनावर आणि मग बेघर पोर, असा हा प्रवास आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत मुलाचा अर्थ पक्का झाला होता. 1881 मध्ये लंडनमध्ये एडवर्ड रुडॉल्फ यांनी स्थापन केलेली संस्था पुढे 'वेफ्स अँड स्ट्रेज सोसायटी' म्हणूनच ओळखली जाई. आज ती 'चिल्ड्रन्स सोसायटी' आहे. वेफचे आईबाप मेलेले असतीलच असं नाही. कुणी त्याला शोधत नाही, हे महत्त्वाचं. मराठीत 'बेवारस पोर' सर्वांत जवळचं, कारण बेवारस हा शब्दही आपण मालाला आणि माणसाला सारखाच लावतो. आजच्या इंग्रजीत 'वेफ' म्हणजे किडकिडीत, डोळे खोल गेलेली तरुणी, असाही अर्थ आहे; 1990 च्या दशकातल्या फॅशनच्या दुनियेने तो पसरवला. तिथे आईबापांचा विषयच नाही.

'फाउंडलिंग'मध्ये गूढ काही नाही. सापडलेलं, त्याला 'लिंग' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय; 'डकलिंग'मधला तोच. सुमारे 1300 पासून शब्द आढळतो. पण 'सापडलेलं' म्हटलं की 'टाकलेलं' आपोआप आलं, आणि टाकणारं बहुतेक वेळा जिवंत असतं. थॉमस कोरम या जहाजाच्या कप्तानाने लंडनच्या रस्त्याकडेला टाकलेली तान्ही मुलं पाहून अनेक वर्षं खटपट केली. 1739 मध्ये राजाची सनद मिळाली आणि 1741 मध्ये 'फाउंडलिंग हॉस्पिटल'ने पहिली मुलं घेतली. इथला 'हॉस्पिटल' रुग्णालयाचा नव्हे, आसऱ्याचा. आया मूल सोपवताना सोबत खूण ठेवत: कापडाचा तुकडा, अर्धं कापलेलं नाणं, एखादं बटण. दिवस पालटले तर त्या खुणेवरून मूल ओळखून परत नेता यावं म्हणून. नेणाऱ्या फार थोड्या निघाल्या. दाखल होताच मुलाचं नाव बदलत. पहिल्यांदा बाप्तिस्मा दिलेल्या मुलामुलीला संस्थापक जोडप्याचीच नावं दिली, थॉमस कोरम आणि युनिस कोरम. 1756 ते 1760 या काळात पार्लमेंटच्या पैशावर येईल ते मूल घ्यायचं ठरलं, तेव्हा सुमारे 15,000 मुलं आली आणि त्यांतली बहुसंख्य दगावली. फाउंडलिंग हा आजही जिवंत कायदेशीर शब्द आहे. राष्ट्रीयत्वहीनता कमी करण्याच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातलं दुसरं कलम सांगतं की एखाद्या देशाच्या हद्दीत सापडलेलं बेवारस मूल, विरुद्ध पुरावा नसेल तर, त्याच देशात त्या देशाच्या नागरिकांच्या पोटी जन्मलं असं धरावं. म्हणजे आईबाप कोण ते माहीत नाही, पण त्यांचं नागरिकत्व कायद्याने गृहीत धरलं.

याच्या उलट टोक 'फिलियुस नुलियुस'चं. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला इंग्लिश कायदा असं म्हणे: कुणाचाच मुलगा नाही. बाप गावात, डोळ्यांसमोर; कायद्याच्या दृष्टीने नाहीच. असं मूल कुणाकडूनच वारशाने काही घेऊ शकत नसे. इथे अनुवादकाला अडकवणारा शब्द म्हणजे 'नॅचरल सन'. सोळाव्या शतकापर्यंतच्या मजकुरात त्याचा अर्थ सख्खा, पोटचा असा असू शकतो. नंतरच्या दोन-तीनशे वर्षांत अनौरस. आणि विसाव्या शतकात 'नॅचरल पेरेंट्स' म्हणजे दत्तक घेणाऱ्यांपासून वेगळे दाखवलेले जन्मदाते. कागदाचं साल पाहिल्याशिवाय या शब्दाला हात लावू नये.

अलीकडच्या शंभर वर्षांत 'ऑर्फन' पुन्हा मूळ स्वभावावर आलाय असं मला वाटतं: मृत्यू बाजूला, त्राता नसणं पुढे. 1983 च्या अमेरिकी कायद्यातलं 'ऑर्फन ड्रग' म्हणजे दुर्मीळ आजारावरचं औषध, ज्याला नफ्याअभावी कुणी कंपनी वाली नाही. 'ऑर्फन वर्क' म्हणजे ज्याचा हक्कदार सापडत नाही असं लेखन किंवा छायाचित्र. युनिक्ससारख्या संगणक प्रणालीत एका प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, दुसरी सुरू केली की पहिली 'पेरेंट', दुसरी 'चाइल्ड'. पेरेंट आधी संपली तर चाइल्ड 'ऑर्फन' होते आणि सहसा क्रमांक 1 ची प्रोसेस तिला दत्तक घेते. अथेन्सच्या आर्कॉनने हेच केलं असतं. छपाईत पानाच्या तळाशी एकटी राहिलेली परिच्छेदाची पहिली ओळ 'ऑर्फन', आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटी पडलेली शेवटची ओळ 'विडो'. पण काही छापखाने नेमकं उलट म्हणतात, तेव्हा समोरचा काय म्हणतोय ते विचारून घ्यावं.

जनावरांसाठी वेगळी शब्दसंपदा आहे. आईविना बाटलीवर वाढवलेलं कोकरू इंग्लंडच्या बोलीत 'केड', अमेरिकेत 'बमर'. गुराख्यांच्या भाषेत आई नसलेलं वासरू 'डोगी'. 'मॅव्हरिक' आला टेक्सासच्या सॅम्युएल मॅव्हरिक या वकिलाच्या आडनावावरून: त्याची वासरं मालकीचा डाग न देता मोकाट फिरत, म्हणून बिनडागाचं, आईपासून सुटलेलं वासरू ते मॅव्हरिक, आणि मग कुणाचाच शिक्का न मिरवणारा माणूस. एकाच अवस्थेतून वेफ दयेचा शब्द झाला आणि मॅव्हरिक रुबाबाचा.

तुमच्या कथेपुरतं सांगायचं तर, आई असलेल्या ऑर्फनला 'बापाविना पोरका' म्हणा. 'पितृहीन' अर्थाने बिनचूक आहे, पण तो शब्द कथेत लाकडी वाटेल. 'अनाथ' टाळा, आई समोर वावरत असताना मराठी वाचक तिथे ठेचकाळेल आणि मुद्रणदोष समजेल. वॉर्डला पाल्य, वेफला बेवारस, आणि फाउंडलिंगला नुसतं 'सापडलेलं मूल'. तो शब्द संस्थेच्या नावात असेल तर तसाच ठेवा. कथेत कुणी साठीचा गृहस्थ आई गेल्यावर स्वतःला 'ऑर्फन' म्हणवून घेत असेल, तर इंग्रजीत त्यात जरा थट्टेची छटा असते, कारण तो शब्द लहान मुलाचा आहे. मराठीत 'पोरका झालो' कुठल्याही वयाचा माणूस गंभीरपणे म्हणतो, त्यामुळे ती छटा तिथे हरवेल. ती राखायची असेल तर पात्राच्या पुढच्या वाक्यात कुठेतरी हसू पेरावं लागेल.